लेकीचं गव्हाचं सगळं बंद करून ४ महिने झाले, तरी पोट दुखतंच

फोंड्याची आई:
नमस्कार. माझी मुलगी ९ वर्षांची. दोन वर्षं तिचं हिमोग्लोबिन वाढतच नव्हतं, लोहाची औषधं देऊन थकलो, उंचीही वाढेना, शेवटी टीटीजी ही रक्ताची टेस्ट केली ती खूप जास्त आली आणि मग एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासला तेव्हा सीलिॲक निघालं, म्हणजे गहू-जवातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन तिच्या आतड्याला इजा करतं. तेव्हापासून पाव, पोयी (गव्हाचा गोव्यातला पाव), चपाती, बिस्किटं सगळं बंद, शाळेत पावभाजी असते तीसुद्धा. आपलं रोजचं जेवण शीत-कडी (भात-आमटी), म्हणून मला वाटलेलं सोपं जाईल. पण आठवड्यातून एकदोनदा पोट फुगतंच. चुकतंय कुठे? आणि सासूबाई म्हणतात चवथीला (गणेश चतुर्थीला) एखादी नेवरी, म्हणजे करंजी खाल्ली तर काय बिघडतं, त्यांना काय सांगू?

डिचोलीकर:
ताई, भाकरीचं पीठ कुठे दळता? मला हा आजार ११ वर्षं आहे आणि पहिलं वर्षभर मी गिरणीतल्या पिठानेच आजारी पडत होतो, आधी गहू दळलेल्या जात्यातच आपले तांदूळ दळले की पीठ मिसळतंच. आता घरी मिक्सरवर दळतो. दुसरं हिंग. डबीतल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा नाहीतर गव्हाचं पीठ असतं, डबी उलटी करून वाचा. आणि बाहेरचा तळलेला बांगडा, इसवण नको, रव्यात घोळवलेला असतो, तुमच्यासाठी नुसता मसाला लावून दिला तरी तेल तेच. घरी तांदळाच्या पिठात तळा, छान कुरकुरीत होतो.
पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलंय का बघा, आपल्याकडे त्याची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. साध्या ओट्सच्या पाकिटावर विसंबू नका, त्यात गहू-जव मिसळलेले असू शकतात.

सांगेची मावशी:
दूध देता का गं तिला? आतडं सुजलेलं असतं तोवर काहींना दूध पचत नाही, माझ्या भाच्याला सहा महिने तसं होतं, मग आपोआप सुटलं. डॉक्टरांना विचारून बघ. टीटीजी खाली यायला वर्षसुद्धा लागतं, घाबरू नको.
नेवरीचं मात्र ठाम राहा. पोट दुखलं नाही तरी आतून आतड्याला इजा होते, हे सासूबाईंना शांतपणे सांग, "पथ्य" म्हटलं की ऐकतात म्हाताऱ्या. आणि चवथीला तिच्यासाठी हळदीच्या पानात वाफवलेल्या तांदळाच्या पातोळ्यो कर, चण्याच्या डाळीचं मणगणें कर. दोदोलही तांदूळ, गूळ आणि नारळाचंच. बेबिंका नको, त्यात मैदा. देवळात शिरा मिळाला तर हातात घेऊन नमस्कार करायचा आणि मोठ्यांना द्यायचा, भाचा तसंच करतो.

म्हापशाचा:
एक राहिलंच, तिला भावंडं आहेत का? आईवडील, भावंडं यांनाही असायची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, टेस्ट करून घ्या. पण टेस्टच्या आधी त्यांचा गहू बंद करू नका हां, आम्ही सगळ्या घराचंच बंद केलं आणि मग माझा रिपोर्ट काय तो कळेना, परत सहा आठवडे रोज पोळ्या खाव्या लागल्या.

फोंड्याची आई:
डिचोलीकर दादा, गिरणीतच दळत होते! आणि आताच हिंगाची डबी बघितली, गव्हाचं पीठ लिहिलंय. चार महिने रोज डाळीत घालत होते, रडू आलं मला. मावशी, सासूबाईंनी तुमचं वाचलं, हळदीची पानं मी आणते म्हणाल्या. धाकटा ५ वर्षांचा आहे, त्याची पोयी चालूच ठेवते आणि या आठवड्यात रक्त द्यायला नेते.