शब्दचर्चा: 'प्रॉव्हिडन्स'ला मराठीत काय म्हणायचं?

सुपारीफूल
मंडळी, मदत हवीये. इथे न्यू जर्सीत आमची स्मरणिका निघतेय, अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला अडीचशे वर्षं झाली म्हणून तो मराठीत छापायचा ठरलं, आणि 'तू लिहितेस ना बरं' असं म्हणत ते काम माझ्या गळ्यात पडलं. इंग्लंडच्या राजाने काय काय जुलूम केले ती लांबलचक यादी एका रविवारात झाली, जुलमाला मराठीत शब्दांची कमी नाही. अडकलेय ती देवापाशी. जाहीरनाम्यात देव चार वेळा येतो आणि चारही वेळा वेगळ्या नावाने. सुरुवातीला 'नेचर्स गॉड', मग हक्क देणारा 'क्रिएटर', शेवटच्या परिच्छेदात 'सुप्रीम जज ऑफ द वर्ल्ड' आणि अगदी शेवटच्या वाक्यात 'डिव्हाइन प्रॉव्हिडन्स', ज्याच्या संरक्षणावर पक्की भिस्त ठेवून सही करणारी ही छप्पन्न माणसं आपला जीव, मालमत्ता आणि अब्रू पणाला लावतात. येशूचं नाव कुठेच नाही.

मशीनला विचारलं तर त्याने मालमत्तेचं 'नशीब' केलं आणि प्रॉव्हिडन्सचं 'प्रोव्हिडन्स', म्हणजे ऱ्होड आयलंडचं गाव. नवरा म्हणतो सरळ 'देव' लिही, स्मरणिकेत लोक फक्त आपला फोटो शोधतात. पण त्यांनी मुद्दाम चार शब्द वापरलेत तर मी चारही ठिकाणी 'देव' कसा चिकटवू?

टाचणी
नियती. विषय संपला.

सुपारीफूल
नियतीवर कोण भिस्त ठेवतं हो? नियती म्हटलं की पुढे 'क्रूर थट्टा' आलीच पाहिजे.

टाचणी
मग दैव. पण दैवालाही मराठीत फार चांगलं वळण नाही, ते देतं आणि कर्म नेतं. बरं, राहिलं. माघार.

नगरी_नाना
ताई, तुमच्या पहिल्याच शब्दापासून सुरू करतो. 'मंडळी' म्हणजे आमच्याकडे चर्च. बिल्डिंग नव्हे, माणसं. मराठी बायबलात चर्चला मंडळीच म्हटलंय, त्यामुळे लोक 'चर्च आणि राज्य यांची फारकत' लिहितात तेव्हा मला उगाच वाटतं की कुणीतरी इमारतीला नोटीस दिलीय.

आमचे आजोबा नगर जिल्ह्यात पाळक होते, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले. त्या मिशनचे पहिले दोघे, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, १८१३ मध्ये मुंबईत उतरले, आणि त्यांना पाठवणाऱ्या न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल (प्रॉटेस्टंटांतला एक पंथ) मंडळ्या म्हणजे जाहीरनाम्यावर सही करणारे जॉन अ‍ॅडम्स ज्यांत लहानाचे मोठे झाले त्याच. अ‍ॅडम्स तेव्हा हयात होते, जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे जेफरसनही. म्हणजे या लोकांची धर्मभाषा मराठीत आणायचा उद्योग तेव्हापासून चालू आहे, तुम्ही काही पहिल्या नाही.

आता शब्द. प्रॉव्हिडन्सच्या पोटात लॅटिन आहे, 'आधी बघणं', त्यावरूनच पुढे 'तरतूद करणं' आलं. अब्राहाम मुलाला घेऊन डोंगर चढतो आणि मुलगा विचारतो की बाबा, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठाय, तेव्हा बाप म्हणतो देव बघेल. लॅटिन बायबलात तिथे 'देउस प्रोव्हिदेबित' आहे. आजोबा घरातली कणीक संपली तरी 'तो बघतोय' एवढंच म्हणायचे आणि आजी म्हणायची बघतोय ते ठीक, दळून कोण आणणार. तर माझं मत 'पाहून घेणारा ईश्वर'. आणि तुमच्या-आमच्यात सगळ्यांना समजणारं म्हणजे ज्याने चोच दिली तो चारा देईल. तो चारा देणारा म्हणजे प्रॉव्हिडन्स.

आडवातिडवा
नाना, 'पाहून घेणारा' म्हटलं की गल्लीतला दादा आठवतो. 'तुला पाहून घेईन.'

नगरी_नाना
हाहा, मान्य. जुन्या करारातला देव तसंही करायचा म्हणा.

गुहागरी
वॉशिंग्टनसाहेबांना विचारा ना, तो शब्द सगळ्यात जास्त त्यांच्या तोंडी. १७५५ च्या ब्रॅडॉकच्या लढाईनंतर भावाला पत्र लिहिलंय, कोटातून चार गोळ्या आरपार गेल्या, अंगाखालची दोन घोडी मेली, आजूबाजूची माणसं पडत होती आणि मला ओरखडा नाही, ही सगळी प्रॉव्हिडन्सची करणी. वय तेवीस. याला आमच्याकडे एकच वाक्य आहे, देव तारी त्याला कोण मारी. म्हणून मी 'राखणदार' सुचवतो. कोकणात गावाचा राखणदार असतो, रात्री काठी आपटत वेशीवरून फिरतो, त्याच्या भरवशावर माणसं झोपतात. मूळ वाक्यात संरक्षण हाच शब्द आहे ना?

आडवातिडवा
राखणदाराला वर्षाला नारळ आणि कोंबडा लागतो. फिलाडेल्फियात कोण देणार.

नगरी_नाना
शिवाय राखणदार एका वेशीचा. ह्यांचा देव दोन्ही बाजूंचा, पंचाईत तीच. ब्रिटिश पाळकही त्याच देवाकडे राजाचं भलं मागत होते.

आता 'ह्यांचा देव' म्हणालो तर तेही सांगतो, कारण फॉरवर्डमधून दोन टोकं येतात, एक म्हणतं सगळे कट्टर ख्रिस्ती होते, दुसरं म्हणतं सगळे नास्तिक होते, आणि दोन्ही वाचून मला ढेकर येतो. सही करणाऱ्यांत जॉन विदरस्पून होते, प्रेस्बिटेरियन पाळक, सही करणाऱ्यांतले एकमेव सेवेतले पाळक, आणि त्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात प्रवचन दिलं ते प्रॉव्हिडन्सवरच, की माणसांच्या रागालोभावरही त्याची सत्ता चालते. तो अस्सल शब्दार्थ. दुसरीकडे फ्रँकलिन, मरणाच्या जरा आधी पाळक एझ्रा स्टाइल्सना लिहितात की नाझरेथच्या येशूची शिकवण जगातली उत्तम, पण त्याच्या देवत्वाबद्दल मला थोड्या शंका आहेत, आणि आता त्या सोडवत बसायची गरज नाही, लवकरच प्रत्यक्ष कळेल. मला हा माणूस आवडतो.

जेफरसनचं तर सगळ्यांना माहीत असेल. बायबलाच्या प्रती घेतल्या, ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी, वस्तऱ्याने येशूची वचनं आणि चरित्र कापून काढलं आणि कोऱ्या पानांवर चारी भाषा शेजारीशेजारी डकवल्या. चमत्कार टाकून दिले. त्याच्या पुस्तकात शेवटी कबरीच्या तोंडाला धोंड लावतात आणि माणसं निघून जातात. पुनरुत्थान नाही. आजोबांनी हे ऐकलं असतं तर जेवले नसते.

आणि वॉशिंग्टन, अँग्लिकन, गावच्या चर्चच्या कारभारी मंडळात. पण फिलाडेल्फियात असताना प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेतात तो विधी) रविवारी प्रवचन झालं की उठून जायचे, बायको मार्था मागे थांबायची. पाळकाने एकदा नाव न घेता टोमणा मारला तर त्या रविवारी यायचंच बंद केलं. त्यांच्या लिखाणात येशूपेक्षा प्रॉव्हिडन्स, अदृश्य हात, महान कर्ता असलेच शब्द.

सुपारीफूल
बाप रे नाना. म्हणजे शब्द मुद्दाम मोठ्या घेराचा निवडलाय, विदरस्पूनला त्यात आपला देव दिसावा आणि फ्रँकलिनला आपला. मग मी 'प्रभू' लिहिलं तर चूक, आणि 'निसर्गशक्ती' लिहिलं तरी चूकच.

टाचणी
बरोबर. आणि 'निसर्गदेवता' तर अजिबात नको, ती डोंगरावर शेंदूर लावून बसते. 'नेचर' म्हणजे इथे झाडं-नद्या नाहीत, सृष्टी. 'सृष्टीचे आणि सृष्टीच्या ईश्वराचे नियम' करा.

कोर्टकचेरी
'सुप्रीम जज'चं सर्वोच्च न्यायाधीश करू नका प्लीज, लोकांना सरन्यायाधीश वाटतील. 'जगाचा न्याय करणारा' ठेवा. आणि एक गंमत, हा न्याय करणारा आणि तुमचा प्रॉव्हिडन्स, दोन्ही जेफरसनच्या मसुद्यात नव्हते, काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, चर्चेत घातले. कमिटीने मसुद्यात देव वाढवला, आपल्याकडे कमिटी फक्त स्वल्पविराम वाढवते.

बरं, ज्यांना वाटतं की म्हणजे देश ख्रिस्ती झाला, त्यांनी १७८७ ची राज्यघटना बघावी. त्यात देव नाही. तारीख लिहिताना 'आपल्या प्रभूच्या वर्षी' एवढंच, तेही तेव्हाची पद्धत म्हणून. उलट सहाव्या कलमात कुठल्याही पदासाठी धर्माची अट घालायची नाही असं साफ लिहिलंय. घटनेची चर्चा तुंबली होती तेव्हा फ्रँकलिननीच सुचवलं की रोज सकाळी प्रार्थना करूया, ते तसंच राहून गेलं. १७९१ ची पहिली दुरुस्ती आली, सरकारने कुठला धर्म स्थापायचा नाही म्हणणारी, आणि १८०२ मध्ये जेफरसननी डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रात चर्च आणि राज्य यांच्यामधली ती प्रसिद्ध 'भिंत' आली. लक्षात घ्या, भिंत मागणारे नास्तिक नव्हते, बॅप्टिस्ट होते, त्यांना कनेक्टिकटमध्ये सरकारमान्य काँग्रिगेशनल मंडळ्यांचा जाच होता (नाना, तुमच्याच लोकांचा). ह्याही आधी १६४४ मध्ये ऱ्होड आयलंड वसवणाऱ्या रॉजर विल्यम्सनी मंडळीची बाग आणि जगाचं रान यांच्यामधल्या कुंपणाबद्दल लिहिलं होतं, म्हणजे त्याला काळजी बागेची होती.

म्हणून सेक्युलरला 'धर्मनिरपेक्ष' म्हणून ही गोष्ट सांगता येत नाही असं माझं मत. निरपेक्ष म्हणजे देणंघेणं नसलेला. वॉशिंग्टन १७८९ मध्ये सरकारी आभारदिन जाहीर करतात, जेफरसन असला दिवस जाहीर करायला नकार देतात, दोघेही राष्ट्राध्यक्ष, एकच घटना. याला एका शब्दात कसं बसवणार. 'इहवादी' चालेल पण तो शब्द कुणी बोलत नाही.

नगरी_नाना
आमच्या लोकांचं मान्य, आमेन. कनेक्टिकटमध्ये ते सरकारमान्य असणं १८१८ पर्यंत चाललं, मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ पर्यंत.

आडवातिडवा
वॉशिंग्टनचं ते 'देव आणि बायबलाशिवाय जगावर राज्य करणं अशक्य' हे वाक्य घ्या ना स्मरणिकेत, आमच्या ग्रुपवर दर महिन्याला येतं.

कोर्टकचेरी
घेऊ नका. ते त्यांचं नाहीच, त्यांचं घर सांभाळणाऱ्या माऊंट व्हर्नॉनवाल्यांनीच बनावट म्हणून यादीत टाकलंय. खरं हवं असेल तर १७९० मध्ये न्यूपोर्टच्या ज्यू मंडळींना लिहिलेलं पत्र घ्या, हे सरकार धर्मद्वेषाला थारा देत नाही आणि छळाला हातभार लावत नाही. हे खरं आहे आणि जास्त चांगलंही आहे.

पेठेतला
सगळे प्रॉव्हिडन्सवर तुटून पडलेत, 'क्रिएटर' कुणी विचारलाच नाही. ताई, तो तयार आहे. निर्मिक. जोतीराव फुल्यांनी रूढ केला. ब्रह्मदेव म्हटलं की चार तोंडं आणि पुराण आलं, प्रभू म्हटलं की मिशन आलं, म्हणून त्यांनी सरळ 'निर्मिणारा तो निर्मिक' घेतला आणि हक्क त्याच्याकडूनच आणले, सगळ्या स्त्रीपुरुषांना सारखे. थॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक त्यांनी वाचलेलं, आणि पेन म्हणजे ह्याच अमेरिकन मंडळींतला, एकच निर्माता मानणारा आणि चर्च न मानणारा. 'गुलामगिरी' १८७३ मध्ये काढली तेव्हा अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी झिजले म्हणून. आणि जेफरसन स्वतः गुलाम बाळगून 'सगळे समान' लिहीत होता, त्यामुळे तो शब्द फुल्यांच्या हातात जास्त शोभतो असं माझं म्हणणं, भांडायचं असेल त्यांनी भांडा.

अजून एक. फ्रँकलिननी १७४९ मध्ये शाळेच्या योजनेत 'पब्लिक रिलिजन' असा शब्द वापरलाय, धर्म समाजाच्या उपयोगाचा असतो या अर्थाने. अभ्यासक आता 'सिव्हिल रिलिजन' म्हणतात, ते १९६७ च्या समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बेलाच्या लेखापासून गाजलं, नाण्यावरचा देव, शपथेतला देव, झेंड्याच्या प्रतिज्ञेतला देव, असा कुठल्याच मंडळीचा नसलेला देव. मराठीत त्याला 'नागरी धर्म' करतात, वाचताना नगरपालिकेचा वाटतो, पाणीपट्टी भरा आणि पुण्य मिळवा. 'सार्वजनिक धर्म' म्हणा की. फुल्यांच्या शेवटच्या पुस्तकाच्या नावातच 'सार्वजनिक' आहे.

सुपारीफूल
निर्मिक!! डोक्यातच आलं नाही, दहावीत पाठ होतं ना. घेतला. प्रत्येकाला निर्मिकाने काही हक्क दिले आहेत, ते काढून घेता येत नाहीत. वाचायला पण छान वाटतंय.

टाचणी
नाण्यावरचा देव म्हणाल तर तो उशिराचा. १८६४ मध्ये यादवी चालू असताना दोन सेंटच्या नाण्यावर आला, राष्ट्राचं ब्रीद झालं १९५६ मध्ये, आणि प्रतिज्ञेत 'देवाच्या छत्राखाली' १९५४ ला घुसलं, रशियाला दाखवायला. वॉशिंग्टन-जेफरसनच्या खात्यावर ते टाकू नये.

गुहागरी
पण एक डॉलरची नोट काढून बघा मागून. पिरॅमिडवर डोळा आहे, तो प्रॉव्हिडन्सचाच, १७८२ च्या सरकारी शिक्क्यातला. वर लॅटिनमध्ये दोन शब्द, त्याचा अर्थ 'त्याने आमच्या उद्योगाला मान डोलावली'. कर्ताच लिहिलेला नाही, डोळ्याकडे बघून समजायचं. आणि शब्द व्हर्जिलचे, तिथे विनंती देवांचा राजा ज्युपिटरला केलेली. शिक्का पक्का करणारे काँग्रेसचे सचिव चार्ल्स थॉमसन, ज्यांनी म्हातारपणी ग्रीक बायबलाचं भाषांतर केलं. म्हणजे बायबलवाल्या माणसाने रोमन देवाची ओळ घेतली आणि त्याखाली डोळा चितारला, कुणाला काय खटकलं नाही. याला मराठीत शब्द आहे, कौल दिला. देवाला तांदूळ लावायचे, उजवं पडलं की काम सुरू. 'आमच्या कामाला कौल दिला.' राखणदार नको असेल तर नका घेऊ पण कौल सोडू नका.

आडवातिडवा
कौल एक नंबर. पण तो डॉलरला, जाहीरनाम्यात कुठे बसवणार.

पेठेतला
लिंगाचंही बघा हं. वॉशिंग्टन प्रॉव्हिडन्सला बहुतेकदा 'ते' म्हणतात, कधी 'तो', क्वचित 'ती'. नियती घेतली तर ती, दैव घेतलं तर ते, विधाता तो. त्यांनी मोकळं ठेवलं ते मराठीत एका फटक्यात ठरून जातं.

कोर्टकचेरी
एलआयसी.

सुपारीफूल
??

कोर्टकचेरी
पॉलिसीवर काय लिहिलेलं असतं? योगक्षेमं वहाम्यहम्. जे नाही ते मिळवून देईन, आहे ते राखीन, ओझं माझं. नानांचा चारा आणि गुहागरींची राखण दोन्ही त्यात आली. प्रॉव्हिडन्स म्हणजे योगक्षेम वाहणारा.

नगरी_नाना
अर्थ अगदी चपखल. पण गीतेचा सूर इतका ओळखीचा की विदरस्पून धोतर नेसून उभे राहतील. 'योगक्षेम' नको, 'वाहणारा' ठेवा. काळजी वाहणारा.

सुपारीफूल
हं. तर रात्री दीड वाजता हे झालंय, बघा:

'आणि जगाची काळजी वाहणाऱ्या ईश्वराच्या राखणीवर पूर्ण भिस्त ठेवून, या जाहीरनाम्याच्या पाठीशी आम्ही एकमेकांना आमचे प्राण, आमची मालमत्ता आणि आमची पवित्र अब्रू तारण देतो.'

गुहागरींची 'राखण' आली, नानांचं 'काळजी वाहणं' आलं, कर्जाचं 'तारण' माझं, मूळ 'प्लेज' क्रियापदात तो अर्थ आहे म्हणून. सर्वनाम टाळलंय.

टाचणी
'पवित्र अब्रू' कानाला कसंतरी लागतंय. इभ्रत?

नगरी_नाना
इभ्रत पवित्र नसते, जपलेली असते. अब्रूच राहू द्या. आणि 'प्राण' नको, 'जीव' करा, हे लोक शेतकरी-वकील होते, नाटकातले नव्हते.

सुपारीफूल
जीव केलं. आत्ताच संपादकांचा मेसेज आलाय, जागा कमी आहे, जुलमाची यादी अर्धी कापा म्हणे. देवाला हात लावू नका असं मात्र स्वतःहून लिहिलंय.