आय७-८७००के ५ गिगाहर्ट्‌झला: व्हीकोर (कोअरचं व्होल्टेज) १.४० करू का?

प्रश्न
नमस्कार. कोअर आय७-८७००के, झेड३७० बोर्ड, २४० मिमी लिक्विड कूलर, डीडीआर४-३२०० रॅम, एक्सएमपी (रॅमची तयार वेगवान सेटिंग) चालू. सगळ्या कोअरना मल्टिप्लायर ५० (म्हणजे ५.० गिगाहर्ट्‌झ), व्हीकोर मॅन्युअल १.३५ व्होल्ट, एलएलसी (लोडखाली व्होल्टेज किती घसरू द्यायचं ती सेटिंग) ऑटो, एव्हीएक्स ऑफसेट (एव्हीएक्स या जड गणिती सूचना चालताना मल्टिप्लायर किती कमी करायचा तो आकडा) ०. सिनेबेंच आर२३ ही चाचणी नीट चालते. प्राइम९५ या ताण-चाचणीतलं स्मॉल एफएफटी लावलं की पाच-सात मिनिटांत एखादा वर्कर (चाचणीचा एक भाग) चूक येऊन थांबतो, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर १९ (दुरुस्त झालेल्या हार्डवेअर चुकीची नोंद) दिसतं. लोडखाली एचडब्ल्यूइन्फो या मापक सॉफ्टवेअरमध्ये व्हीकोर १.२६, तापमान ९१ अंश. व्हीकोर १.४० करावा का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
अजिबात नको. बायोसमध्ये १.३५ लिहिलेत, पण लोडखाली पोचतात १.२६, दुखणं तिथे आहे. त्यात तुम्ही ९१ वर आहात आणि १०० ला हा प्रोसेसर स्वतःच गती उतरवतो. वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तीच गती ठेवून १.३० चे १.४० केले तरी सुमारे १६ टक्के उष्णता जास्त.

आधी एक्सएमपी बंद करा, म्हणजे रॅमच्या चुका यात मिसळणार नाहीत. ऑफसेट २ द्या. एव्हीएक्सच्या कामाला ४.८ मिळेल. एलएलसी मधल्या पायरीवर आणा आणि व्हीकोर उलट १.३२ पर्यंत उतरवा. चूक आलीच तर ०.०१ ने वर. सर्वांत कडक एलएलसी मात्र टाळा: लोड अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर उसळतं, आणि ती उसळी सॉफ्टवेअरला दिसतच नाही.

प्रतिसाद २
एलएलसीचे आकडे बोर्डागणिक उलटसुलट असतात. आसुसवर मोठा आकडा कडक, एएसरॉक आणि एमएसआयवर १ सर्वांत कडक. आकड्यावर जाऊ नका, लोडखालचा व्हीकोर बघा.

आणखी एक. आर२३ मध्येही एव्हीएक्स आहे, त्यामुळे ऑफसेट लावल्यावर ते ४.८ लाच चालेल. खरे ५.० तपासायचे तर प्राइम९५च्या टॉर्चर टेस्टच्या खिडकीत एव्हीएक्स बंद करून स्मॉल एफएफटी लावा.

धागाकर्ता
१.३२, मधली पायरी, लोडखाली १.२७, तापमान ८९. स्मॉल एफएफटी दोन्ही प्रकारे तासभर स्वच्छ, १९ ची नोंद नाही. एक्सएमपी परत चालू केल्यावरही स्मॉल ठीक, पण प्राइम९५च्याच ब्लेंड चाचणीत राउंडिंगची चूक येते. व्हीकोर थोडा वाढवू का?

प्रतिसाद १
व्हीकोरला हात लावू नका. स्मॉल एफएफटी कॅशमध्येच मावतं, ते कोअर तपासतं. ब्लेंड रॅमपर्यंत जातं. कोअर पास झालेत, चूक मेमरीच्या बाजूची आहे. व्हीसीसीआयओ आणि सिस्टम एजंट (प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागांची व्होल्टेज) ऑटोवरून काढून १.१० आणि १.१५ द्या, रॅमचं व्होल्टेज १.३५ लागलंय ना तेही बघा, मग ब्लेंड पुन्हा लावा. रोजच्या वापरासाठी अ‍ॅडॅप्टिव्हवर (गतीनुसार व्होल्टेज बदलणाऱ्या मोडवर) नेणार असाल तर ते या सगळ्यानंतर, आणि लोडखालचा आकडा तेव्हा परत मोजा. एसी लोड-लाइनमुळे (प्रोसेसर लोडनुसार जास्त व्होल्टेज मागतो ती सेटिंग) तो वर सरकतो.