मदत हवी आहे: आई-बाबांची पेरूची ट्रेन टूर, आधी कुस्को की आधी माचू पिचू?

नमस्कार मंडळी, पेरूला जाऊन आलेलं कोणी असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

आई-बाबा एप्रिलमध्ये भावाकडे न्यू जर्सीला जातायत आणि मे महिन्यात तिकडून पेरूला जायचं चाललंय. बाबा ७१, आई ६७. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, सगळी नोकरी कालवे, चाऱ्या, टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं की नाही यात गेली, त्यामुळे इंकांनी एवढ्या उंच डोंगरावर पाणी कसं खेळवलं ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. माचू पिचूला वरच्या झऱ्यापासून दगडी पाट काढून पाणी आणलंय, ७४९ मीटर लांबीचा, आणि ते गावातल्या १६ कारंज्यांतून एकाखाली एक उतरतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलंय आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात. आईला ट्रेनचा प्रवास हवाय. तिला खिडकी मिळाली की बाकी काही लागत नाही.

भावाने तिकडच्या एका कंपनीची गाइडेड टूर शोधलीये, ट्रेन आणि साइटसीइंग दोन्ही असलेली. प्रोग्राम असा आहे की लिमाला एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने कुस्को, आणि त्याच दुपारी सिटी टूर, म्हणजे कोरिकांचा, मग वर साक्सायवामान, केन्को, तांबोमाचाय, ही सगळी इंकांची जुनी ठिकाणं. तिसऱ्या दिवशी पिसाक आणि ओयांताय्तांबो करून परत कुस्को. मग ट्रेनने माचू पिचू, एक रात्र खाली पायथ्याच्या आग्वास कालिएंतेस गावात, परत कुस्को आणि शेवटी ट्रेनने पुनो, तितिकाका सरोवर.

माझी काळजी अशी की लिमा समुद्राकाठी आणि कुस्को ३,४०० मीटरवर, जवळजवळ लेहएवढंच. लेहला विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसते पडून राहा असं सगळे सांगतात आणि इथे तर उतरल्या दिवशी दुपारीच ३,७०० च्या वर चढवतायत! बाबांना बीपीची गोळी चालू आहे, आईचे गुडघे दुखतात पण ती चालते, जिने मात्र सावकाश. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की सगळे करतात, कोका टी (तिकडच्या कोकाच्या पानांचा चहा) मिळतो, काळजी करू नका. मला ते पटलं नाही.

तर विचारायचं असं की हा क्रम बदलून मागावा का, आणि बदलायचा तर कसा. दुसरं म्हणजे माचू पिचूला आता सर्किट (आत फिरायचा आखलेला मार्ग) ठरवूनच तिकीट काढावं लागतं म्हणे, त्यातलं कुठलं घ्यावं म्हणजे बाबांना पाण्याची कामं दिसतील आणि आईला फार पायऱ्या पडणार नाहीत. पुनोची ट्रेन ठेवावी की काढावी तेही सांगा. आणि दोघं शाकाहारी आहेत, अंडं चालतं.

प्रतिसाद:
ताई, क्रम बदलाच. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो तेव्हा हेच केलं. बऱ्याच जणांना माहीतच नसतं की माचू पिचू कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे, २,४३० मीटर, आणि आग्वास कालिएंतेस त्याच्याही खाली. मधली सेक्रेड व्हॅली म्हणजे उरुबांबा, ओयांताय्तांबो, ही साधारण २,८०० ला आहे. म्हणून कुस्को एअरपोर्टवरून शहरात न थांबता गाडीने सरळ ओयांताय्तांबोला उतरायचं, दोनेक तास लागतात, वाटेत चिंचेरोजवळ रस्ता थोडा वर जातो पण तिथे मुक्काम करायचा नाहीये. दोन रात्री व्हॅलीत, मग ट्रेनने माचू पिचू, आणि कुस्को शेवटी. तोपर्यंत शरीराला सवय झालेली असते. उंचीचा त्रास मुख्यतः तुम्ही रात्री कुठे झोपता त्यावर असतो.

शिवाय ओयांताय्तांबोहून माचू पिचूची ट्रेन पावणेदोन तासांच्या आसपास आहे, कुस्कोहून धरली तर निम्मा दिवस त्यातच जातो. आईंना जाताना डावीकडची खिडकी मागा, उरुबांबा नदी त्या बाजूला असते, खळाळत बरोबर येते आणि डोंगर उघडेबोडके असतात ते हळूहळू हिरवेगार जंगली होत जातात. हा बदल बघण्यासारखा आहे. काचेच्या छताची व्हिस्टाडोम थोडी महाग पडते पण खिडकीच्या माणसाला तीच घ्या. ट्रेनमध्ये मोठी बॅग चालत नाही, एक छोटी घ्यायची आणि बाकी सामान हॉटेलवर ठेवायचं, हॉटेलवाल्यांना सवय आहे.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. फक्त औषधाचं बोलतो. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) बरेच लोक आपापलं घेऊन टाकतात तसं करू नका, बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात आणि डायमॉक्सही तेच करतं, सल्फाची अॅलर्जी असेल तर तेही सांगावं लागतं, त्यामुळे बाबांच्या नेहमीच्या डॉक्टरांना पूर्ण प्रोग्राम उंचीच्या आकड्यांसकट दाखवा. कोका टीने बरं वाटतं पण तो क्रम चुकल्यावरचा इलाज नाही. आणि महत्त्वाचं, कोकाची पानं किंवा त्या चहाची पाकिटं आठवण म्हणून परत अमेरिकेत अजिबात न्यायची नाहीत, तिथे बेकायदा आहे, आई कौतुकाने भावासाठी बॅगेत टाकतील म्हणून आधीच सांगून ठेवा.

डोकं दुखणं, भूक न लागणं पहिल्या दिवशी होऊ शकतं. पण बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं तर वाट न बघता खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. गाइडला हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

प्रतिसाद:
पाटबंधारेवाल्या काकांसाठी लिहितोय, कारण मीही सिव्हिलचाच.

माचू पिचूला २०२४ पासून तीन सर्किटं आहेत. पहिलं वरच्या वर पॅनोरामाचं, तो पोस्टरवरचा फोटो मिळतो पण खाली गावात शिरता येत नाही. दुसरं क्लासिक, फोटोही आणि गावही, चढ-उतार जास्त आणि तिकिटं सगळ्यात आधी संपतात. तिसरं खालच्या बाजूचं, पायऱ्या कमी. मला वाटतं काकांनी दुसरं घ्यावं आणि काकूंनी तिसरं, किंवा दोघांनी मिळून तिसरंच सावकाश करावं, पण ग्रुपबरोबर पळू नका. ग्रुपचा गाइड दोन-अडीच तासांत बाहेर काढतो. तेवढ्या दिवसापुरता वेगळा गाइड घेतलात तर काका पाटाजवळ हवं तेवढं उभं राहू शकतात. तिकिटावर वेळ छापलेली असते, मूळ पासपोर्ट बरोबर लागतो, आणि बाथरूम फक्त गेटच्या बाहेर आहे, एकदा बाहेर पडलं की परत आत सोडत नाहीत, तेव्हा काकूंना आधीच सांगा. काठी न्यायची असेल तर खाली रबराचं बूच हवं.

आता खरं सांगायचं ते. तिथली भिंत सगळे बघतात, काकांनी टेरेस, म्हणजे डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी केलेली शेतं, बघावेत. आत खाली मोठे दगड, वर खडी, मग वाळू आणि सगळ्यात वर माती, असा भराव आहे, म्हणून एवढ्या पावसात ते डोंगरावर टिकून आहेत. पाणी मुरायची वाट त्यांनी आधी केली आणि घरं नंतर बांधली, असं ते बघताना वाटतं. पण पाणी वाहताना बघायचं असेल तर तिपोन बघाच. कुस्कोच्या दक्षिणेला आहे, टूरमध्ये बहुतेक नसतं, गर्दी नसते, टेरेसवरून दगडी पाटांतून पाणी आजही वाहतंय, एका धारेच्या दोन, दोनाच्या चार अशा केलेल्या आहेत. मी तिथे सकाळभर होतो आणि निघवत नव्हतं. कुस्को शेवटी ठेवलंत तर हे सहज बसतं. १३० सोलचं (सोल म्हणजे पेरूचं चलन) बोलेतो तुरिस्तिको, म्हणजे अनेक ठिकाणांचं एकत्र तिकीट, काढलं की ते १० दिवस चालतं, त्यात साक्सायवामान, पिसाक, ओयांताय्तांबो, मोराय (इंकांचे गोल टेरेस), तिपोन सगळं येतं. माचू पिचू, कोरिकांचा आणि मारासची मिठागरं त्यात येत नाहीत.

ओयांताय्तांबोला वर सहा मोठे दगड उभे आहेत ते नदीपलीकडच्या खाणीतून आणलेत. खाण समोरच्या डोंगरावर दिसते, गाइडला बोट करून दाखवायला सांगा.

धागाकर्ती:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. तिपोनचं बाबांना वाचून दाखवलं, लगेच नकाशा काढून बसलेत. कंपनीला मी आज क्रम उलटा करून पाठवला: एअरपोर्टहून थेट ओयांताय्तांबो, मग माचू पिचू, मग कुस्को. त्यांचं म्हणणं ग्रुपला बदलता येणार नाही पण दोघांसाठी प्रायव्हेट करून देतील, पैसे वाढतील. भाऊ म्हणतोय देऊ. पुनोचं मात्र कोणीच बोललं नाही. आणि यलो फीव्हरचं इंजेक्शन लागतं का? ट्रॅव्हलवाला एक सांगतो, शेजारचे दुसरं.

प्रतिसाद:
पुनो ३,८३० मीटर आहे आणि ती ट्रेन दहा-साडेदहा तासांची, मध्ये ला राया खिंडीत ४,३०० च्या वर जाते. ट्रेन सुंदर आहे, मागचा डबा उघडा असतो. पण काकांना इंकांचं काम बघायचंय ना, मग त्याच वाटेने बसने गेलात तर राक्चीला विराकोचा या इंकांच्या देवाचं देऊळ बघायला मिळतं, उंच मातीची भिंत अजून उभी आहे. माझ्या मते या वयात पुनो काढून टाका आणि ते दोन दिवस व्हॅलीत आणि कुस्कोला वाढवा, मोराय आणि मिठागरं निवांत होतील.

यलो फीव्हरचं असं आहे की पेरू आपल्या सरकारच्या यादीत आहे, तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलं तर सर्टिफिकेट मागतात, नसेल तर क्वारंटाइन करू शकतात. तुमचे आई-बाबा पेरूहून परत न्यू जर्सीला जाऊन तिथे आठवड्यापेक्षा जास्त राहणार असतील तर तो प्रश्न येत नाही. फक्त कुस्को-माचू पिचू असेल, जंगलाकडे जाणार नसाल, तर आजारासाठी म्हणूनही ते सहसा सांगत नाहीत, आणि साठीनंतर त्या लसीचा धोका जास्त असतो म्हणून डॉक्टरांशिवाय घेऊ नका. व्हिसाचं म्हणाल तर अमेरिकेचा व्हिसा सहा महिने तरी शिल्लक असला की पेरूचा वेगळा लागत नाही, तरी निघायच्या आधी वकिलातीच्या साइटवर एकदा बघा, नियम बदलतात.

प्रतिसाद:
जेवणाचं राहिलं. सूप मागवताना नीट विचारा, किनोआचं सूपसुद्धा बरेचदा चिकनच्या पाण्यात करतात. नुसतं व्हेजिटेरियन म्हणून भागत नाही, 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' असं तिन्ही म्हणायचं, म्हणजे मांस नको, चिकन नको, मासे नको. कागदावर लिहून दिलं तर अजून बरं. बटाटे तर किती तऱ्हेचे मिळतात, आणि पिसाकच्या बाजारात टपोऱ्या दाण्याचं उकडलेलं कणीस चीजबरोबर देतात, चोक्लो कोन केसो, ते आईंना नक्की आवडेल. पहिल्या एक-दोन रात्री जेवण हलकं ठेवा, उंचीवर पचायला वेळ लागतो. मेथीचे ठेपले आणि लिंबाचं लोणचं न्यायचा विचार असेल तर लोणचं घट्ट झाकणाच्या बरणीत आणि चेक-इन बॅगेत, आणि कस्टम्सला खाण्याचं काय आहे ते सांगा.

धागाकर्ती:
पुनो काढलं. आता माचू पिचूची दुसऱ्या सर्किटची तिकिटं मेसाठी आत्ताच काढावी लागतील का, की कंपनीवर सोडावं? कोणी अलीकडे काढली असतील तर किती आधी मिळाली तेवढं सांगा.