मदत हवी आहे: कादंबरी एजंटला पाठवावी की थेट प्रकाशकाला?

खाडीकाठचा: कादंबरी लिहून पूर्ण आहे. प्रकाशक मिळवून देणारा एजंट गाठू की थेट प्रकाशक? मेल केल्या, कुणी साधी पोच देत नाही. एका ठिकाणाहून होकार आलाय, पण त्यांना सोमवारपर्यंत उत्तर हवंय. 'धीर धरा' सोडून काहीही सांगा.

दापोलीकर: कुठल्या भाषेत? किती मोठी? मेलमध्ये नक्की काय पाठवलंत?

माहेर_गुहागर: एजंटच बघा. माझ्या भाचीने तसंच केलं. एक पानी पत्र, कथेचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं, बस्स. खरा एजंट आधी पैसे मागत नाही. पुस्तक विकलं गेलं की लेखकाला मिळतं त्यातले साधारण 15 टक्के घेतो.

जुना_खिळा: भाची इंग्रजीत लिहिते ना? मराठीत लेखक स्वतःच प्रकाशकाकडे जातो. हिशेब करा: 500 प्रती, किंमत 300, रॉयल्टी 10 टक्के. सगळ्या खपल्या तर लेखकाला पंधरा हजार. त्यातले 15 टक्के म्हणजे 2250. तेवढ्यासाठी कोण एजंट चपला झिजवणार?

माहेर_गुहागर: भाषा त्यांनी सांगितलीच कुठे? उगाच माझ्यावर घसरू नका.

खाडीकाठचा: अहो, इथे विचारतोय म्हणजे मराठीच! 70 हजार शब्द. संवाद मालवणीत आहेत. सगळी फाइल पाठवली होती.

दापोलीकर: पत्र, सारांश काहीच नाही? अनोळखी माणसाची 70 हजार शब्दांची फाइल कोण उघडेल? आधी फोन करून कशी पाठवायची ते विचारा. काही जण अजून छापील बाडच मागतात. आणि मालवणी शब्दांना शेवटी टिपा द्या.

आचऱ्याचो_झील: टिपा कित्याक? वाचूक लागले की समाजता.

दापोलीकर: तुम्हाला समाजता. लातूरच्या वाचकाचं काय?

आचऱ्याचो_झील: आमका लातूरचा वाचताना कोण टिपा देता?

माहेर_गुहागर: कोमसापच्या, म्हणजे कोकण मराठी साहित्य परिषदेच्या, एखाद्या शाखेत प्रकरण वाचून दाखवा. मालगुंडला केशवसुत स्मारकही बघून या, फार सुंदर ठेवलंय.

दापोलीकर: स्मारक राहू दे. होकार देणारे पैसे मागतायत का?

खाडीकाठचा: हो, 90 हजार. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आणि कॉपीराइट नोंदणी त्यातच. सगळेच घेतात ना?

जुना_खिळा: मग होकार कसला, कोटेशन आलंय तुम्हाला! आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो, राजा राममोहन राय नॅशनल एजन्सीकडून. कॉपीराइट तर लिहिलंत तेव्हापासून तुमचाच. नोंदणी ऐच्छिक, शुल्क 500 रुपये. पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे. अर्ज कधी मागवतात त्यावर लक्ष ठेवा.

काळा_कोट: करारात मुदत काय लिहिलीय? कॉपीराइट कायद्याचं कलम 19 बघा. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून कोरी जागा तितकीशी घातक नसते, भरलेली वाचा. अनुवाद, ऑडिओ, चित्रपट हे हक्क आपल्याकडे ठेवा.

खाडीकाठचा: 'सर्व माध्यमांतील सर्व हक्क, कायमस्वरूपी' असं आहे.

काळा_कोट: सही करू नका.

माडाची_सावली: मुखपृष्ठ ठरलं का? माझा मेहुणा जलरंगात होड्या छान काढतो.

खाडीकाठचा: कादंबरीत एकही होडी नाही. 'कायमस्वरूपी' खोडून 5 वर्षं करा म्हटलं तर चालेल का?

जुना_खिळा: आधी ते 90 हजार खोडायला सांगा.

खाडीकाठचा: बरं. सारांश किती पानी लिहू? आणि त्यात शेवट सांगायचा की लपवायचा?

दापोलीकर: दोन पानं पुरे. शेवट सांगा, त्यांना पुस्तक छापायचंय.

माहेर_गुहागर: लपवा! नाहीतर ते वाचतील कशाला?