परिषदेतला करार फायलीत जातो, खरं एकत्र काम कुठे झालंय का?

भौतिकवाला_मराठवाडा:
जानेवारीत आमच्या विभागात आंतरराष्ट्रीय परिषद आहे. बाहेरच्या दोन विद्यापीठांचे लोक येणार, शेवटच्या दिवशी सामंजस्य करार करायचा असं वरून ठरलंय. असे करार आधीचेही आहेत. शाल, श्रीफळ, फोटो, आणि विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची समिती आली की फाइल शोधायची धावपळ. परिषदेतून पुढे खरंच काही उभं राहिलं, असा कुणाचा अनुभव?

सिग्नल_नॉईज:
सर, मी पल्सारवर, म्हणजे ठराविक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांवर काम करतो, तिथलंच सांगतो. हे स्पंद वर्षानुवर्षं मोजणाऱ्या देशोदेशींच्या गटांचा संघ आहे, इंटरनॅशनल पल्सार टायमिंग ॲरे. त्याची वार्षिक बैठक 2019 मध्ये पुण्यात झाली. या बैठकांची रीत अशी की आधी विद्यार्थ्यांची कार्यशाळा, मग वैज्ञानिक सत्रं. वेगवेगळ्या देशांची पोरं एका टेबलावर, समोर एकाच पल्सारचा डेटा, आणि 'माझी फाइल तुझ्या स्क्रिप्टला का वाचता येत नाही' यावर अर्धा दिवस डोकेफोड. नंतर ईमेल टाकायला संकोच वाटत नाही तो त्यामुळे.

पण नुसत्या ओळखीवर भागत नाही. युरोपीय गटाकडे जवळपास 25 वर्षांची निरीक्षणं, आपल्या इंडियन पल्सार टायमिंग ॲरेकडे जेमतेम साडेतीन. तरी आपल्याला सोबत घेतलं, कारण खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण कमी वारंवारितेवर चालते. दोन ताऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे पल्सारचे स्पंद उशिरा पोचतात. वारंवारिता जितकी कमी, तितका हा उशीर मोठा, म्हणून आपल्याकडे तो नेमका मोजता येतो. त्यांना तो उशीर वजा करायची हीच दुरुस्ती हवी होती. 10 पल्सारची आपली मापं त्यांच्या डेटात मिसळली आणि जून 2023 मध्ये नॅनोहर्ट्झ गुरुत्वीय लहरींच्या (अवकाशकाळातल्या, एकेका हेलकाव्याला वर्षं लागणाऱ्या तरंगांच्या) खुणांचा शोधनिबंध दोन्ही गटांच्या नावाने आला. आपल्या गटात जपानच्या कुमामोटो विद्यापीठाची मंडळीही आहेत.

तेव्हा पाहुण्यांकडे नाही आणि तुमच्याकडे आहे असं काय, ते आधी हुडका. धूळ, पाऊस, वीज पडण्याच्या नोंदी, काहीही. आणि उद्घाटनाचं एक भाषण कापून पोरांना लॅबमध्ये बसवा.

माजी_कारकून:
ते सगळं ठीक, पण व्हिसाचं बघा! परिषदेला येणाऱ्याला कॉन्फरन्स व्हिसा लागतो, टुरिस्टवर बोलावू नका. निमंत्रणपत्रं आणि दिल्लीच्या परवानग्या आत्ताच हाती घ्या. आमचे एक पाहुणे शेवटी झूमवर आले, शाल टेबलावरच राहिली.

उत्तरा_ताई:
करारात दोन्हीकडच्या एकेका शिक्षकाचं नाव घाला, 'विभाग' असं मोघम नको. आणि एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दोन्हीकडचा सहमार्गदर्शक द्या. कुलगुरू बदलले तरी त्या पोराला प्रबंध पुरा करायचाच असतो, त्यामुळे दोघं बोलत राहतात.

भौतिकवाला_मराठवाडा:
आभार मंडळी. विजेच्या नोंदी आहेत की आमच्याकडे! एका सरांनी गच्चीवर अँटेना लावून घेतल्या होत्या, गेल्या वर्षी निवृत्त झाले. हार्ड डिस्क कुणाच्या कपाटात आहे ते उद्या विचारतो. भाषण कापायचं मात्र अवघड आहे, पत्रिका छापून आलीये.