गुंडपटांतली 'सुपारी', 'खंडणी' आणि 'हप्ता' : फरक काय?

प्रश्न : मुंबईच्या टोळ्यांवरचे चित्रपट बघताना हे तीन शब्द सारखे कानावर पडतात. तिन्हींचा अर्थ 'गुंडांनी घेतलेले पैसे' एवढाच का? आणि पेटी, खोका म्हणजे नेमके किती?

प्रतिसाद : एकच नाही. क्रियापद बघा, लगेच उलगडेल. सुपारी देतात आणि घेतात. खंडणी मागतात, उकळतात. हप्ता बांधून घेतात आणि ठरल्या दिवशी गोळा करतात. 'सुपारी मागितली' असं कुणी लिहिलं की समजावं, त्याला खंडणी म्हणायचंय. सुपारीत पैसे देणारा राजीखुशीने देतो, त्याला काम करून हवं असतं. खंडणीत देणाऱ्याच्या मानेवर सुरी असते. हप्ता ही खंडणीच, पण नेमाने चालणारी. 'सत्या'मध्ये (१९९८) तबेल्यात काम करणाऱ्या सत्याकडे पक्या येऊन पैसे मागतो, तो हप्ता. बिल्डरला फोन करून एकरकमी आकडा सांगतात, ती खंडणी. पोलिसांच्या पथकाचं नावही 'खंडणीविरोधी' असतं, 'हप्ताविरोधी' नाही.

प्रतिसाद : 'सुपारी' मात्र गुन्हेगारांची नाही, आपल्या घरातली आहे. सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं. गावची जत्रा कमिटी नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्यांत जाऊन तमाशाची सुपारी देते. बँडवालेही 'आज सुपारी आहे' म्हणतात. काम पक्कं, तारीख पक्की, इसार हातात, हा मूळ अर्थ. टोळ्यांनी तोच उचलला. पण षष्ठी (चा, ची, चे) फिरली, ते लक्षात घ्या : 'बँडची सुपारी' यात बँड काम करणारा आहे, 'शेटची सुपारी' यात शेट मरणारा! वाक्य लिहिताना इथेच घोटाळा होतो. बातमीत 'अमक्याच्या खुनाची सुपारी' असं पूर्ण लिहिलं तर संदिग्धता राहत नाही.

प्रतिसाद : म्हणजे 'विडा उचलणे' तेच ना?

प्रतिसाद : नाही. विडा भर दरबारात, सगळ्यांदेखत, आपणहून उचलायचा. त्यात प्रतिज्ञा आहे. सुपारी दाम घेऊन, दुसऱ्याच्या कामासाठी, आणि या धंद्यात गुपचूप. 'त्याने समाजसेवेची सुपारी घेतली' हे म्हणूनच टोमण्यासारखं वाचलं जातं. तिथे विडाच हवा.

प्रतिसाद : पेटी म्हणजे १ लाख, खोका म्हणजे १ कोटी. २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर '५० खोके'च्या घोषणा झाल्या आणि शब्द घरोघरी गेला. 'घोडा' म्हणजे पिस्तूल, पण मराठीत घोडा हा आधीपासून बंदुकीचा एक भाग आहे : मागे ओढून चढवतात आणि चाप दाबल्यावर पुढे आपटतो, तो. भागाचं नाव अख्ख्या हत्याराला लागलं. 'कट्टा' म्हणजे गावठी बनावटीचं. तो मुंबईपेक्षा उत्तरेकडच्या गुंडपटांत जास्त ऐकू येतो. 'फील्डिंग लावणे' क्रिकेटमधून आलं : सावज कुठून येईल, कुठून निसटेल, त्या जागी आधीच माणसं उभी करणे.

प्रतिसाद : 'भाई' या शब्दावर मात्र चित्रपटांनी अन्याय केलाय, हे मनापासून वाटतं. शेतकरी कामगार पक्षात भाई उद्धवराव पाटील, भाई गणपतराव देशमुख असंच म्हणत आले. गुंडासाठी 'भाईगिरी करणारा' म्हटलं की अर्थ स्पष्ट होतो आणि मूळ शब्दाचा मानही राहतो.

प्रतिसाद : शब्दांसाठी चित्रपट बघायचेत तर क्रम असा ठेवा. आधी 'अर्धसत्य' (१९८३) : श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' कथेवरचा, पटकथा विजय तेंडुलकरांची. यातला रामा शेट्टी भाषा सौम्य ठेवून दरारा दाखवतो, तो सदाशिव अमरापूरकरांनी केलाय. मग 'परिंदा' (१९८९), मग 'सत्या'. 'वास्तव' (१९९९) पावभाजीच्या गाडीपासून सुरू होतो, आणि त्यातलं हिंदी वळणाने मराठीच आहे. अस्सल मराठीत हवा असेल तर 'दगडी चाळ' (२०१५). उपशीर्षकं बंद करून बघा. त्यांत सुपारी आणि गेम दोन्हींना एकच शब्द लावतात. सुपारी हा करार, गेम ही प्रत्यक्ष हत्या.

प्रतिसाद : जोडून एक : 'मोक्का लावला' यातला कायदा (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा) १९९९ चा, 'सत्या'नंतरचा. नुसती टोळी असून तो लागत नाही. ३ वर्षं किंवा अधिक शिक्षेचा गुन्हा हवा, आणि मागच्या १० वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रांची न्यायालयाने दखल घेतलेली हवी. म्हणून पहिल्याच मारामारीला 'मोक्का' लावणारा संवाद लिहू नये.