कुलसंमेलन ठाण्यात, माणसं ३५०च्या वर: नोंदणी, पैसे आणि पानांचा आकडा यासाठी कोणतं सॉफ्टवेअर वापरावं?

ढोकाळीकर

नमस्कार मंडळी. आमच्या कुलमंडळाचं संमेलन या जानेवारीत ठाण्यात भरतंय. घोडबंदर रोडवरचा हॉल, शनिवार-रविवार. घरं साधारण ९०, माणसं ३५० ते ४००. गुहागर-चिपळूणचे, पुण्याचे, इंदूरचे, आणि परदेशातली काही घरं. तान्ह्या बाळांपासून नव्वदीच्या आज्यांपर्यंत सगळे.

आजवर संमेलनं गावी देवळात व्हायची. तिथे नोंदणी हा प्रकारच नव्हता, जो आला तो पंगतीला बसला. इथे हॉलवाले आणि केटरर दोघेही आधी आकडा मागतात, आणि आकड्याप्रमाणे पैसे घेतात.

सध्या सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर चाललंय. कोणी लिहितं "आम्ही चौघं", कोणी नुसता अंगठा दाखवतं, मध्येच पन्नास शुभ सकाळ येतात. त्यातून यादी काढायला बसलं की दर वेळी वेगळा आकडा येतो. समितीत आम्ही सहा जण आहोत, कॉम्प्युटरवर सहज काम करणारे दोघे. एका भावाचं म्हणणं आहे की इव्हेंटसाठीचं तयार ॲप विकत घ्यावं. काय वापरावं? नोंदणी, वर्गणी, जेवणाचा आकडा, बाहेरगावच्यांची उतरायची सोय आणि त्या दिवशी दारावरची हजेरी, एवढं जमलं तरी खूप झालं. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

तलावपाळी

व्हॉट्सॲपवरच कम्युनिटी बनवा. घोषणांच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहू शकतात, त्यामुळे शुभ सकाळ आपोआप थांबतं. येणार की नाही यासाठी तिथेच पोल टाका. वेगळं काही शिकायला नको.

हिशेबनीस

घोषणांसाठी कम्युनिटी उत्तम, त्याला अनुमोदन. पोलला मात्र नाही. पोल माणसं मोजतो, आणि तीही ग्रुपवर असलेलीच. बाबा, आई, मुलगा तिघांनी "येणार" दाबलं की तीन मतं. घरात बसलेली आजी आणि दोन नातवंडं त्यात नाहीत. दुसऱ्या घरात फक्त वडील ग्रुपवर, म्हणून एक मत, आणि येणारे सात. या आकड्यावर केटररला शब्द देता येत नाही.

ढोकाळीकर, तुम्हाला गुगल फॉर्म आणि त्याला जोडलेली गुगल शीट एवढंच पुरे आहे. फुकट आहे, आणि ९० घरांसाठी याहून मोठं काही लागत नाही. पण फॉर्म विचार करून बनवा, सगळं यश तिथे आहे. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्याचं काम मी बघतो, त्या अनुभवावरून लिहितो.

एका घराचा एक फॉर्म. पहिला प्रश्न नावाचा नको, कुटुंबातल्या एकाच्या मोबाईलचा ठेवा, आणि तिथे बरोबर १० अंकच स्वीकारले जातील अशी अट घाला. हा मोबाईल नंबर म्हणजे त्या घराची ओळख. नावावर विसंबू नका. कोणी मराठीत लिहितो, कोणी इंग्रजीत, कोणी नुसतं "बंड्या आणि परिवार". नावावरून शोधणं किंवा जुळवणं शक्य होत नाही.

दुसरं, आणि सर्वांत महत्त्वाचं: "जेवणार का?" असा हो-नाहीचा प्रश्न विचारूच नका. प्रत्येक जेवणासाठी वेगळा आकडा मागा. शनिवार दुपार मोठे किती, मुलं किती. शनिवार रात्र किती. रविवार नाश्ता किती, दुपार किती. तुमचे ठाणे-डोंबिवलीचे लोक बहुतेक दुपारच्या जेवणाला येतील आणि रात्री घरी जातील, बाहेरगावचे चारही वेळा असतील, पुण्याचे काही जण रविवारी दुपारी जेवून निघतील तर काही नाश्त्यानंतरच. एकच सरसकट आकडा धरला तर शनिवारी रात्री पानं वाया जातात आणि रविवारी दुपारी कमी पडतात. असे रकाने केले की शीटमध्ये खाली नुसती बेरीज मांडायची, प्रत्येक वेळेचा पानांचा आकडा रोज ताजा दिसतो. पाच वर्षांखालची मुलं वेगळी विचारा, बरेच केटरर त्यांचं पान धरत नाहीत. आणि त्या दोन दिवसांत एकादशी किंवा चतुर्थी येते का तेही पंचांगात बघा. येत असेल तर उपवासाच्या पानांचा रकाना आत्ताच घाला.

फॉर्मच्या सेटिंगमध्ये "एका व्यक्तीचा एकच प्रतिसाद" हे चालू करू नका. ते चालू केलं की गुगल खात्यात लॉगिन मागतं, आणि ज्येष्ठ मंडळी तिथेच थांबतात. फाइल जोडण्याचा प्रश्न घातला तरी तेच, म्हणून पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट फॉर्ममध्ये मागू नका. कोणाचा बेत बदलला तर त्याने फॉर्म पुन्हा भरायचा, शेवटचा तो खरा. एकच मोबाईल दोनदा आला की तो रंगात दिसेल असा नियम काउंटिफ (एखादी नोंद किती वेळा आली ते मोजणारं सूत्र) वापरून शीटमध्ये लावता येतो.

आणि शीटमध्ये जिथे फॉर्मची उत्तरं येऊन पडतात त्या पानाला (म्हणजे शीटच्या टॅबला) कोणीही हात लावायचा नाही. समितीचं काम दुसऱ्या पानावर. पण तिथे सूत्राने नोंदी आणून शेजारी हाताने शेरे लिहिलेत, तर वरचा क्रम बदलल्यावर नोंदी सरकतात आणि शेरे जागच्या जागी राहतात. पैसे भरल्याची खूण भलत्याच घरासमोर लागते. म्हणून हाताने लिहायचं ते मोबाईल नंबरसकट तिसऱ्या पानावर, आणि तिथून व्हीलुकअपने (नंबर शोधून त्यासमोरची माहिती आणणारं सूत्र) आणायचं. हे थोडं किचकट वाटेल, पण तुमच्या दोघांपैकी एकाला एका बैठकीत जमेल.

सानपाड्याची सून

हिशेबनीस यांनी छान लिहिलंय, मी फक्त माणसांच्या बाजूने सांगते. माझ्या सासरचं संमेलन वाशीत झालं तेव्हा ज्येष्ठांची नोंदणी माझ्याकडे होती.

गुहागरच्या आत्याबाईंना लिंक पाठवून काही होत नाही. त्यांना फोन हवा असतो. आणि फोन हवा म्हणजे नुसता आकडा नको, आधी तब्येत, मग पोफळी, मग कोणाचं लग्न ठरलं ते, आणि मग "हो गं, आम्ही पाच जण येतोय". हा वेळ द्यायलाच हवा. संमेलन त्यांच्यासाठीच तर आहे. म्हणून प्रत्येक शाखेला एक फोन करणारी व्यक्ती नेमा, शक्यतो त्या शाखेतली सून किंवा लेक. तिने बोलता बोलता तोच फॉर्म आपल्या मोबाईलवर त्यांच्या वतीने भरायचा. वहीत लिहून नंतर चढवू असं ठरवू नका, एक वही आणि एक शीट अशा दोन याद्या झाल्या की दोन्हींवरचा विश्वास जातो. यादी एकच, आत येण्याच्या वाटा कितीही.

फॉर्ममध्ये एक प्रश्न अवश्य घाला: जिना चढता येतो का, चाकाची खुर्ची लागेल का, कोणाची औषधाची वेळ सांभाळायची आहे का. आम्हाला त्यावरून कळलं की पुढच्या दोन रांगांत हात असलेल्या खुर्च्या किती ठेवायच्या आणि बिनसाखरेचा चहा किती लागेल.

ढोकाळीकर

दोघांचेही मनापासून आभार. जेवणाच्या वेळेनुसार आकडा हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, आजच फॉर्म करायला घेतो. पैशांचं कसं करावं? वर्गणी माणशी ठेवली आहे. अमेरिकेतले दोन चुलतभाऊ मोठी रक्कम देऊ म्हणतात.

हिशेबनीस

कोणाच्याही वैयक्तिक खात्यात घेऊ नका, मंडळाच्या खात्याचा क्यूआर वापरा. व्यक्ती-व्यक्तींमधली यूपीआयवरून पैसे मागण्याची रिक्वेस्ट ऑक्टोबर २०२५पासून बंद झाली आहे, त्यामुळे क्यूआर पाठवणं हाच सरळ मार्ग. ज्येष्ठांना एक आवर्जून सांगा: पैसे मिळवण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही.

फॉर्ममध्ये स्क्रीनशॉटऐवजी व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक मागा. बँकेतून खात्याचा उतारा फाइल स्वरूपात उतरवून घ्या आणि यूटीआरवरून जुळवा. इथे एक खाच आहे. एक्सेलमध्ये ती फाइल थेट उघडली की १२ अंकी क्रमांक आखडून घातांकाच्या रूपात दिसतो, आणि एकीकडे मजकूर, दुसरीकडे संख्या असं झालं की व्हीलुकअपला काहीच सापडत नाही. दोन्हीकडचे रकाने आधी "मजकूर" करून घ्या. काही बँकांच्या उताऱ्यात यूटीआर लांबलचक तपशिलाच्या मध्ये असतो, तिथे तो तपशिलात शोधावा लागतो.

अमेरिकेच्या पैशाबद्दल: भाऊ अजून भारतीय नागरिक असतील आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असतील तर अडचण नाही. पण तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी ते एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांबाबतचा कायदा, २०१० खाली विदेशी स्रोत ठरतात. मंडळाकडे त्या कायद्याखालची नोंदणी किंवा परवानगी नसेल तर देणगी घेऊ नका. सीएला आधी विचारा. हा प्रश्न कोणतंही ॲप सोडवणार नाही.

येऊरवारा

विकतच्या ॲपची बाजूही कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. टाउनस्क्रिप्ट, कॉन्फहब यांसारख्या सेवा नोंदणी, पैसे, क्यूआर तिकीट आणि दारावर ते स्कॅन करायची सोय हे सगळं एकत्र देतात. हिशेब जुळवायचं काम जवळजवळ संपतं. पैसे घेऊन तिकीट दिलं तर त्यावर सेवाशुल्क असतं, ते आधी तपासा.

मी त्या वापरतो, पण आमच्या धावण्याच्या स्पर्धेसाठी, जिथे येणारा प्रत्येक जण अनोळखी असतो. तुमच्याकडे ९० घरं, आणि दारात उभा राहणारा काका प्रत्येकाला चेहऱ्याने ओळखतो. तिथे तिकीट स्कॅन करून आत सोडणं मला तरी बरं वाटत नाही. शीट मोबाईलवर ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा आणि आलेल्या घरासमोर टिक करा. बऱ्याच हॉलमध्ये, विशेषतः तळघरातल्या, नेटवर्क येत नाही, म्हणून आडनाव-गावानुसार छापील यादीच्या दोन प्रती टेबलावर हव्यातच.

जांभळी नाका

छातीवर लावायचे बिल्ले करणार असाल तर नावं देवनागरीत घ्या, आणि प्रत्येक माणसाचं पूर्ण नाव आणि गाव. छापखान्याला शीट पाठवू नका, तयार पीडीएफ पाठवा. अनेक छापखाने अजून श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरतात. युनिकोडमधला (मोबाईल-कॉम्प्युटरवर आपण लिहितो तो) मजकूर त्यात रूपांतरित करताना रफार आणि जोडाक्षरं बिघडू शकतात, आणि ३५० नावं पुन्हा तपासायला त्या घाईत कोणाला वेळ नसतो. लिबरऑफिसमध्ये मेल मर्ज (यादीतली नावं एका नमुन्यात आपोआप भरायची सोय) फुकट आहे, शीटवरून सगळे बिल्ले एकदम तयार होतात.

तलावपाळी

पोलचा मुद्दा पटला. प्रवासाचा एक प्रश्न फॉर्ममध्ये वाढवा: कुठे उतरणार आणि किती वाजता. कोकणकन्या एक्स्प्रेसने येणारे पहाटे ठाण्याला उतरतील. इंदूरहून अवंतिका एक्स्प्रेसने येणारे मात्र बोरिवलीला उतरून घोडबंदर रोडने येतील, त्यांना ठाणे स्टेशनवर घ्यायला कोणी उभं राहायला नको. गाडीने येणाऱ्यांना हॉलच्या पार्किंगच्या फाटकाचं लोकेशन पाठवा, नुसतं हॉलचं नको. आणि नवी मुंबईच्या नातेवाइकांसाठी, रविवारी ट्रान्स हार्बरवर (ठाणे-वाशी लोकल मार्गावर) मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद) आहे का ते त्या आठवड्यात बघून घोषणांच्या ग्रुपमध्ये टाका.

ढोकाळीकर

फॉर्म तयार झाला, समितीतल्या सहा जणांनी आणि चिपळूणच्या काकांनी भरून पाहिला. विकतचं ॲप नको असं सर्वांनुमते ठरलं. शाखांप्रमाणे फोन करणाऱ्या आठ जणी तयार झाल्या आहेत.

एक शेवटचं. सगळे म्हणतात, कोण कोण येतंय ते आम्हालाही दिसू दे. उत्साह वाढतो हे खरं. शीटची लिंक ग्रुपवर टाकली तर चालेल का? नको ती पानं लपवून ठेवीन.

सानपाड्याची सून

मूळ शीटची लिंक मुळीच टाकू नका. फक्त पाहण्याची परवानगी दिली तरी फाइलची प्रत काढून लपवलेली पानं कोणालाही उघडता येतात. तिथे सगळ्यांचे मोबाईल आहेत, कोणाला कसलं औषध चालू आहे ते आहे. घरचीच माणसं असली तरी ते त्यांनी समितीला सांगितलंय, चारशे जणांना नाही. आधार क्रमांक वगैरे तर मागूच नका, उतरायच्या जागी लागला तर ज्याचा तो तिथे दाखवेल.

एक नवी रिकामी शीट करा आणि त्यात इम्पोर्टरेंजने (दुसऱ्या शीटमधले रकाने आणणारं सूत्र) फक्त तीन रकाने आणा: गाव, घराचं नाव, येणारी माणसं. पण मूळ शीटमध्ये आधी या तीन रकान्यांचंच वेगळं पान करा आणि जोडताना नेमकं तेच पान घ्या. मग त्या नव्या शीटची लिंक पाहण्यापुरती ग्रुपवर द्या, नवीन घर नोंदलं की ते आपोआप तिथे दिसतं. अडलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी रविवारी सकाळी मोकळी आहे, फोनवर बोलून जोडून देईन.